उज्वलाच्या नावाची सही

१

दोन पोलीस आणि कोर्टाचा बेलीफ दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे लंकाबाई काकडांना कळलं की आपण एक दावा हरलो आहोत. तोही नऊ वर्षांपूर्वी.

सकाळची वेळ होती. मखमलाबाद रोडवरच्या आपल्या रोपवाटिकेत त्या गुलाबाच्या पिशव्यांना पाणी देत होत्या. बेलीफाने कागद वाचून दाखवला. जागेचा रस्त्याकडचा अर्धा भाग, बोअरवेलसह, सोमनाथ काकड यांच्या ताब्यात द्यायचा होता. सोमनाथ म्हणजे लंकाबाईंचा धाकटा दीर.

"असं कोण म्हणलं? मला कुणी इचारलं?"

"बाई, तुम्ही कोर्टात आलाच नाहीत. मग कोर्टानं त्यांचं एकट्याचं ऐकून निकाल दिला. एकतर्फी हुकूमनामा."

"बोलावलंच नाय, तर येऊ कशी?"

बेलीफाने मान खाली घातली. असलं बोलणं त्याने पुष्कळ दारांत ऐकलं असावं. लंकाबाईंच्या हातातली नळी सुटून वाफ्यात पडली आणि पाणी नुसतंच वाहत राहिलं.

त्या तडक गेल्या हर्षाली गांगुर्डे यांच्याकडे. मेहेर सिग्नलजवळच्या एका जुन्या इमारतीत हर्षालीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. चाळिशीची ही वकीलबाई कोर्टात आवाज चढवत नसे, पण प्रश्न फार विचारी. तिची एक खास पद्धत होती. साक्षीदाराला "काय घडलं?" असं विचारण्याआधी ती विचारायची, "तेव्हा तुमचे हात कशात होते?" माणूस मोठ्या गोष्टी घोकून येतो. हातांबद्दल खोटं बोलायचं त्याच्या डोक्यात येत नाही.

हर्षालीने ताब्याला तात्पुरती स्थगिती मिळवली. समन्स बजावलंच नव्हतं, म्हणून जुना हुकूमनामा रद्द करा, असा अर्ज दिला. मग जुन्या दाव्याच्या नकला काढल्या. त्यात त्या वेळच्या बेलीफाचा अहवाल होता.

"प्रतिवादी घरी नव्हती. एकत्र राहणारी सज्ञान मुलगी उज्वला हिने समन्स घेतले व सही दिली."

खाली हेलकावे खाणारी, तुटक सही होती: उज्वला जयराम काकड.

लंकाबाईंनी एकेक अक्षर जुळवत ती वाचली. पुन्हा वाचली. मग कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"माझ्या पोटची पोर," त्या म्हणाल्या, "माझं घर दिराच्या हातात देऊन बसली."

२

अर्जावर साक्षी सुरू व्हायची वेळ आली, तेव्हा मध्ये चार-पाच महिने गेले होते. हर्षाली रोपवाटिकेत आली ती दुपारी. शेडनेटच्या हिरव्या सावलीत लंकाबाई आणि त्यांची धाकटी मुलगी अंजली गुलाबाचे डोळे भरत बसल्या होत्या. रानगुलाबाच्या काडीला चीर द्यायची, तीत चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा आणि पट्टी गुंडाळायची. अंजली पंचविशीची होती. शहरातल्या एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी आईला हात द्यायची.

"मावशी, सरळ सांगते," हर्षाली म्हणाली. "घरातल्या सज्ञान माणसानं समन्स घेतलं, की ते तुम्हालाच मिळालं असं कायदा धरतो. उज्वलानं ते घेतलं असेल, तर तिनं तुम्हाला सांगितलं की नाही याला अर्थ उरत नाही. आपण हरू."

"तिनंच घेतलं," लंकाबाई म्हणाल्या. "मालक गेले त्या साली तिनं दीपकशी लग्न करायचा हट्ट धरला. मी नको म्हणले. सोमनाथ भावजींनी तिची बाजू घेतली. म्हणून तिनं त्यांची घेतली."

"तेव्हा ती इथं राहायची?"

"मनमाडला डीएडला होती. हॉस्टेलात. रविवारी यायची."

"तुम्ही विचारलंत तिला?"

लंकाबाईंनी पुढची काडी उचलली. उत्तर अंजलीने दिलं, तेही काडीवरची नजर न काढता. "आई तिच्याशी बोलत नाही आता. ताईचं बाळ पोटातच गेलं, दोन महिने झाले. तेव्हाही आई गेली नाही."

"तू गेलीस?"

अंजलीची सुरी काडीवरून घसरली. "नाही."

तिने काडीला पट्टी ताणून बांधली. मग अंजलीच म्हणाली, "मॅडम, सोडून देऊ हा अर्ज. मागची अर्धी जागा पुरेल आम्हाला. आई ऐकत नाही. तुम्ही सांगा."

हर्षालीला नवल वाटलं. पाण्याचं बोअर पुढच्या भागात होतं. ते गेलं की मागे राहिलेली जागा रोपवाटिकेच्या कामाची नव्हती. हे अंजलीला तिच्याहून चांगलं माहीत असणार.

निघताना कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेली एक जुनी स्कूटर तिला दिसली.

"मालकांची हाय," लंकाबाई म्हणाल्या. "तशीच पडलीय. हिला म्हणते चालव, लॅबला जायला बरं. ही दोन बस बदलून जाती, पण गाडीला हात लावत नाय."

अंजली पाण्याचा पेला घेऊन आली होती. पेला देताना तिचा उजवा तळवा क्षणभर उघडा झाला. अंगठ्याच्या खाली पांढुरका, गुळगुळीत व्रण होता.

"काट्यानं?" हर्षालीने विचारलं.

"हो, काट्यानं," अंजली म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

३

सोमनाथ काकडांचं दिंडोरी रोडला ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. विरुद्ध बाजूचा पक्षकार म्हणून हर्षालीने आधी त्याच्या वकिलाची परवानगी घेतली आणि मग दुकानात गेली. सोमनाथने खुर्ची पुढे केली, पण चहा विचारला नाही.

"वहिनींनी पाठवलं का तुम्हाला?"

"मी माझी आले. समन्स कुणी घेतलं, एवढंच शोधतेय."

"उज्वलानं. कागदावर आहे की."

"तुम्ही होतात बेलीफाबरोबर?"

"मी कशाला असेन? वकिलानं सांगितलं, समन्स लागलं. मग मी तारखांना जायला लागलो." तो नळीचा एक तुकडा हातात घेऊन पिळत होता. "खरं सांगू? ती जागा दादानं वहिनींच्या नावावर घेतली, पण दोघं मिळून कष्ट केले होते आम्ही. बोअर खोदलं तेव्हा दोन दिवस मी तिथंच झोपलो. दादा गेल्यावर वहिनी म्हणाल्या, तुमचा इथं काही संबंध नाही. म्हणून दावा केला. पण प्रत्येक तारखेला मी दाराकडं बघायचो. वाटायचं, येतील. भांडतील. मग कुणीतरी मध्ये पडेल आणि मिटेल. त्या आल्याच नाहीत. मला वाटलं, माझं तोंड बघायचं नाही म्हणून घर गेलं तरी चालेल त्यांना. इतका राग."

"मग हुकूमनामा मिळाल्यावर ताबा का नाही घेतला?"

"आई होती ना तिकडं. अक्काबाई." त्याचा आवाज खाली आला. "वहिनींनीच सांभाळली तिला, शेवटपर्यंत. आई त्या घरात असताना पोलीस घेऊन जाऊ? ती गेल्या वर्षी गेली. मग मुलांनी मागं लकडा लावला."

हर्षालीने त्याच्याकडे नीट पाहिलं. नळी पिळणारे हात थांबले होते.

"सोमनाथराव, त्या आल्या नाहीत, कारण त्यांना माहीत नव्हतं. बेलीफ ताब्याला आला त्या सकाळपर्यंत."

"शक्य नाही," सोमनाथ म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. हा माणूस खोटी सही करवून घेणारा नव्हता. मग ती सही कुणाची?

४

मनमाडला रेल्वे क्वार्टरच्या एका बसक्या घरात उज्वला राहत होती. नवरा दीपक ड्यूटीवर गेला होता. उज्वला शाळेत शिक्षिका होती, पण अजून रजेवर होती. चेहरा ओढलेला, केस नुसते गुंडाळलेले.

"आईनं पाठवलं?" तिनेही काकासारखाच प्रश्न विचारला. पण त्याच्या विचारण्यात राग होता. हिच्या विचारण्यात आशा होती.

"नाही," हर्षालीला सांगावं लागलं.

उज्वला खाली बसली. "मी कुठलंही समन्स घेतलेलं नाही. आईला फोनवर सांगितलं, ती म्हणाली, सही तुझी आहे. मी म्हटलं, दाखव तरी. तिनं फोन ठेवला. दवाखान्यात होते तेव्हा दीपकनी केला फोन. तिनं उचलला नाही." ती थांबली. "अंजलीनं उचलला. नुसती रडत होती. एक शब्द बोलली नाही."

हर्षालीने तिच्यासमोर प्रतिज्ञापत्र ठेवलं. "हे वाचा. पटलं तर सही करा."

उज्वलाने वाचलं आणि सावकाश सही केली. हर्षालीने ती पाहिली आणि मग नकलेतली सही काढून शेजारी ठेवली. आता उज्वलाचं आडनाव वेगळं होतं, ते सोडून द्या. पण पहिल्याच शब्दात फरक होता.

"तुम्ही 'ज्ज्व' लिहिता. दोन ज."

"पहिलीपासून. बाईंनी छडी मारून शिकवलं होतं. घरात सगळे एकच ज लिहितात. लग्नपत्रिकेतही तसंच छापलं, तेव्हा मी काकांशी भांडले होते." उज्वलाने नक्कल जवळ ओढली. तुटक अक्षरांवरून तिची नजर फिरली आणि एकदम स्थिर झाली. हर्षालीला दिसलं की तिला काहीतरी कळलं आहे.

"कुणाचं अक्षर आहे हे?"

उज्वलाने कागद परत केला. "मला नाही ओळखता येत."

"उज्वलाताई, तुमच्यावर आळ आहे. आई तुटलीय तुमच्यापासून."

"मला नाही ओळखता येत," ती पुन्हा म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली.

५

समन्स बजावणारा बेलीफ, केरू भगत, निवृत्त होऊन घोटीला शेती बघत होता. भाताच्या खाचरांच्या बांधावर हर्षालीने त्याला गाठलं. तो आधी हात झटकून मोकळा झाला.

"हजारो समन्स वाटली, बाई. कुठलं ध्यानात राहतंय?"

हर्षालीने बांधावर बैठक मारली. "मखमलाबाद रोड, गुलाबांची रोपं, बाई घरी नव्हती. तुमच्या हातात समन्स होतं. तिच्या हातात काय होतं?"

केरू ओठांवर बोट ठेवून आठवू लागला. मग हळूच म्हणाला, "पट्टी."

"कसली पट्टी?"

"उजव्या हाताला. फडक्याची. पेन धरता येईना पोरीला. कळवळत सही केली." एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. "ध्यानात राहायचं कारण म्हणजे ती म्हणली, आई घोटीला मावशीकडं भाताच्या आवणीला, रोपं लावायला गेलीय. मी म्हणलो, अगं मीबी घोटीचाच. तर हासली नाय. पांढरी फटक पडली व्हती. पाणी दिलं मला आणि इचारलं, काका, जेल होते का?"

"जेल?"

"व्हय. मी हासलो. म्हणलो, तारखेला जा म्हणजे काय नाय व्हत. जागेचा दावा, त्याला कशाची जेल! पण तिनं कागद वाचलाबी नाय. आत पळाली."

"केरूभाऊ, तिचं वय किती होतं?"

केरूने खाचराकडे तोंड फिरवलं. पाण्यात दोन बगळे उभे होते.

"मी नाय इचारलं."

"पण लिहिलंत, सज्ञान."

"तिसरी फेरी व्हती माझी त्या घराला. परत आणलं असतं तर साहेब बोलला असता." त्याने पायाने बांधावरची माती दाबली. "युनिफॉर्म व्हता अंगावर. शाळेचा का ज्युनियर कॉलेजचा. माझी पोर तेवढीच व्हती, बाई. दिसत व्हतं मला."

६

दुसऱ्या दिवशी हर्षाली रोपवाटिकेत गेली तेव्हा दोघी मायलेकी घरातच होत्या. तिने दोघींना समोर बसवलं.

"मावशी, सही उज्वलाची नाही. ती नाव वेगळं लिहिते. आणि त्या दिवशी सही करणारीच्या उजव्या हाताला जखम होती."

"मंग भावजींनी कुणाला तरी हुबं केलं आसंल."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण पढवून उभी केलेली मुलगी 'जेल होते का' असं विचारत नाही. तुम्ही घोटीला आवणीला गेलात, हे तिला माहीत होतं. घरातून तिनं पाणी आणून दिलं. म्हणजे ती घरातलीच होती. आणि घाबरलेली होती." हर्षाली कुणाकडेही न बघता बोलत होती. "जागेच्या दाव्यात जेल नसते. कोर्टाचा माणूस बघून जेलची भीती कुणाला वाटेल? ज्यानं नुकतंच काही केलंय, त्याला. तिनं कागद वाचलाच नाही, कारण त्यात काय असणार ते आपल्याला माहीत आहे असं तिला वाटत होतं. आणि म्हणूनच तिनं स्वतःचं नाव सांगितलं नाही. कोर्ट आपल्याच नावानं आलंय, असं समजून तिनं दुसरं नाव दिलं. तोंडात पहिलं आलं ते."

लंकाबाई मुलीकडे बघत नव्हत्या. पण त्यांची बोटं पदराच्या टोकावर आवळली गेली होती.

"अशी मुलगी," हर्षाली म्हणाली, "जिच्या हाताला तेव्हा लागलं होतं आणि जी त्यानंतर कधी…"

"स्कूटरवर बसली नाही," अंजली म्हणाली.

आवाज अगदी साधा होता. बऱ्याच दिवसांचं ओझं कुठेतरी टेकवावं तसा.

"अकरावीत होते. तू नव्हतीस, आई. पप्पांची गाडी काढली. गावाच्या वळणावर सोमाबाबांच्या सायकलला धडकले. दूधवाले. किटल्या रस्त्यावर पडल्या, त्यांचा पाय सायकलखाली वाकडा झाला. मी उचलायला पाहिजे होतं. माझाही तळवा फाटला होता, तसल्याच हातानं पडलेली गाडी उभी केली आणि निघाले. ते ओरडत होते, नंबर घेतलाय, कोर्टात खेचतो तुला. आणि थोड्या दिवसांनी कोर्टाचा माणूस दारात."

"कागद?" लंकाबाईंनी विचारलं.

"बंबात घातला. आजी आत खाटेवर होती, तिला ऐकू येत नव्हतं. त्याच पाण्यानं मी आंघोळ केली."

लंकाबाई उठल्या. हर्षालीला वाटलं, त्या मारतील. पण त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

"ते लहानपणी," त्या म्हणाल्या. "ते एक वेळ समजंल मी. पण नक्कल आली तवा? उज्वलाचं नाव वाचलं तवा तू माझ्या शेजारी हुती. बाळ गेलं तवा दीपकचा फोन तू घेतला."

अंजली मान खाली घालून उजवा तळवा चोळत राहिली. हर्षालीने कोर्टात अनेक गुन्हेगार पाहिले होते. पण शिक्षा अशी डोळ्यांदेखत उतरताना पाहिली नव्हती.

"मला वाटायचं, उद्या सांगू," अंजली म्हणाली. "मग ताई दवाखान्यात गेली. त्यानंतर सांगायला तोंडच राहिलं नाही."

 मग हर्षालीला जे सांगायचं होतं ते तिने सांगितलं, आणि ते आनंदाचं असूनही सांगताना तिलाच लाज वाटली. "अंजली तेव्हा अज्ञान होती, म्हणजे अठराच्या आतली. अज्ञान मुलीनं घेतलेलं समन्स कायद्यानं समन्सच नव्हे. तिनं हे कोर्टात सांगितलं, तर हुकूमनामा टिकणार नाही."

"म्हंजी हिच्या पापानं माझं घर वाचंल," लंकाबाई म्हणाल्या.

७

कोर्टात उभं राहण्याआधी अंजली एका माणसाकडे गेली. सोमाबाबा आता दूध घालत नव्हते. पाय वाकडाच जुळला होता. ओट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"घरात मी ट्रकनं उडवलं म्हणून सांगितलं," म्हातारा म्हणाला. "पोरीनं पाडलं म्हणायची लाज वाटली."

"तुम्ही म्हणाला होता, कोर्टात खेचतो."

"म्हणलो आसंल. कोर्टाचा रस्ता मला कुठं ठाऊक हुता?" त्यांनी वाकडा पाय उचलून नीट ठेवला. "उचलायला थांबली आसती ना, तर येवढंबी नसतो बोललो."

त्यांनी तिला माफ केलं की नाही, हे अंजलीला कळलं नाही. विचारायची तिची हिंमत झाली नाही.

साक्षीच्या दिवशी सोमनाथच्या वकिलाने उलटतपासात आवाज चढवला. "तेव्हा तुम्ही खोटं नाव सांगितलंत. आज खरं बोलताय, हे कशावरून मानायचं?"

"तेव्हा खोटं बोलून मी सुटले होते," अंजली म्हणाली. "आज खरं बोलून काहीच सुटत नाहीये."

केरू भगतही घोटीहून आला. कुणाला वाटलं नव्हतं. वय विचारलं नाही, मुलगी लहान दिसत होती, तरी सज्ञान लिहिलं, असं तो न्यायाधीशांसमोर बोलला आणि हात जोडून खाली उतरला. वयाला शाळेचा दाखला होताच. अज्ञान मुलीच्या हाती दिलेलं समन्स म्हणजे प्रतिवादीला खबर नव्हे, असं म्हणून कोर्टाने नऊ वर्षांपूर्वीचा हुकूमनामा रद्द केला. दावा पुन्हा पहिल्यापासून चालणार होता. लंकाबाई जिंकल्या नव्हत्या. त्यांना फक्त बोलायची पाळी मिळाली होती.

आवारात सोमनाथ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बोअर खोदताना तुमीबी हुता, भावजी," लंकाबाईच म्हणाल्या. "ते मला ठाऊक हाय. तवा बोलले ते रागात बोलले. घरी या. वकील नका आणू."

त्याच आठवड्यात मायलेकी मनमाडला गेल्या. गाडीत दोघी शेजारी बसल्या, पण लंकाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. क्वार्टरचं दार उज्वलाने उघडलं. आईला बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

लंकाबाईंनी वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं एक अक्षर त्यांना आठवेना. "बाळ कसं हुतं गं?" एवढंच त्यांनी विचारलं. उज्वला आईच्या खांद्यावर कोसळली. तिला धरून लंकाबाई आत गेल्या.

अंजली अंगणात उभी राहिली. दुपारचं ऊन खडीवर तापत होतं. आतून रडणं ऐकू येत होतं, मग बोलणं, मग काहीच नाही. आपल्याला आत कुणी बोलावणार नाही, हे तिने धरलंच होतं. परत जायला पाय उचलत नव्हते.

बऱ्याच वेळाने उज्वला दारात आली. डोळे सुजले होते.

"ताई, तू अक्षर ओळखलं होतंस ना?" अंजलीने विचारलं. "वकीलबाई म्हणाल्या."

"ओळखलं होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. रोज वाट बघितली, फोन येईल." उज्वलाचा आवाज कोरडा होता. "मला अजून तुझ्याशी बोलायचं नाही, अंजे. किती दिवस नाही, ते मलाही ठाऊक नाही."

अंजलीने मान हलवली आणि फाटकाकडे वळली.

"कुठं निघालीस?" उज्वला म्हणाली. "ऊन बघ किती आहे. आत येऊन बस."